द्रवाहार मोडला, म्हणून शस्त्रक्रियाच रद्द करावी का?

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४३ वर्षे आणि वजन ११८ किलो असून बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) ४८ च्या घरात आहे. आठ वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यासाठी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी चालू आहे. गुडघे दुखतात आणि झोपेत श्वास अडकतो. पुण्यातील एका रुग्णालयात त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढण्याची शस्त्रक्रिया, ठरली होती आणि त्याआधी चौदा दिवस फक्त द्रवाहार घ्यायला सांगितले होते. घरात नऊ माणसे असून स्वयंपाक बहुतेक त्याच करतात. ही शस्त्रक्रिया वजनासाठी आहे हे फक्त पतीला ठाऊक आहे, बाकीच्यांना ‘पोटाचे छोटे ऑपरेशन’ एवढेच सांगितले आहे. चौथ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास त्यांचे हात थरथरू लागले, घाम फुटला, आणि त्यांनी ओट्याशी उभ्यानेच कढईतले गार पिठले व अर्धी भाकरी खाल्ली. सहाव्या दिवशी पुतण्याच्या वाढदिवसाचा स्वयंपाक करताना आमटीचे मीठ चाखता चाखता पूर्ण जेवण झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताप आल्याचे खोटेच कळवून तारीख पुढे ढकलली. नवी तारीख गौरी-गणपतीनंतर लगेचची असल्याने द्रवाहाराचे दिवस नेमके सणात येतात. त्या विचारतात, “जिला चौदा दिवस तोंड आवरता येत नाही, तिने आयुष्यभराचे पथ्य कसे पाळावे? शस्त्रक्रिया रद्दच करावी का? आणि डॉक्टरांना खरे सांगावे का?”

ताई,

तुमच्या पत्रातील एक वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, पण मी त्याच वाक्यापाशी थांबलो. हात थरथरणे, घाम फुटणे आणि त्या पाठोपाठ काहीही करून खावेसे वाटणे ही रक्तातील साखर उतरल्याची ठळक लक्षणे आहेत. तुमच्या गोळीतील ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या की नुसते ताक प्यायलात याचा त्याला पत्ता नसतो. भात, भाकरी, पोळी एकाएकी बंद झाल्या आणि गोळीचा डोस मात्र तोच राहिला, तर तीन-चार दिवसांत साखर खाली घसरण्याची चांगलीच शक्यता असते. द्रवाहार सुरू करताना ही गोळी कमी केली होती का, याचा तुमच्या पत्रात कुठेच उल्लेख नाही. त्या रात्री ग्लुकोमीटर लावला नसल्यामुळे नेमके काय झाले होते हे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरीही ज्या प्रसंगावरून तुम्ही स्वतःला ‘तोंड न आवरणारी बाई’ ठरवले आहे, त्या प्रसंगी तुमचे शरीर कदाचित जीव वाचवण्यासाठी अन्न मागत होते, आणि तुम्ही ते दिलेत हे योग्यच झाले.

म्हणून सर्वात आधी औषधांचे बोलू, कारण हे अशा प्रत्येक वाचकाला लागू आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांकडून नवा डोस लिहून घेतल्याशिवाय द्रवाहार सुरू करू नये. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या बहुधा पहिल्याच दिवसापासून कमी किंवा बंद कराव्या लागतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांचा धोका निराळा आहे. अत्यल्प पिष्ट पदार्थांच्या आहारात त्या चालू राहिल्या, तर मीटरवर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात घातक आम्ल साठू शकते. त्यामुळे मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली तर घरी वाट पाहत बसू नये. रक्तदाबाची, विशेषतः लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधेही या काळात तपासून घ्यावी लागतात, नाहीतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. यातले काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचे नाही. आणि पुन्हा कधी तशी थरथर जाणवली तर लगेच साखर मोजा. ती ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या क्षणी द्रवाहाराचा कागद बाजूला ठेवायचा. साखर सावरल्यावर रुग्णालयाला फोन करायचा.

सहाव्या दिवसाची गोष्ट वेगळी आहे आणि तिची सरमिसळ चौथ्या रात्रीशी करू नये. त्या दिवशी तुम्ही भुकेल्या होत्या, नऊ माणसांचा आणि वर पाहुण्यांचा स्वयंपाक करत होत्या, आणि आपण का जेवत नाही हे घरात कोणालाही सांगू शकत नव्हत्या. सासूबाई ‘दोन घास खाऊन घे, अशक्त होशील’ म्हणाल्या, असे तुम्ही लिहिले आहे. अशा वेळी न जेवता राहिलेली व्यक्ती मला सांगा. तुम्ही याला इच्छाशक्तीचा प्रश्न म्हणता, मला मात्र हा घरातल्या कामाच्या वाटणीचा प्रश्न दिसतो. चौदा दिवस ज्याने अन्नापासून दूर राहायचे, त्याच माणसाच्या हातात दिवसातून तीनदा डाव राहिला, तर कोणताही निर्धार फार दिवस टिकणार नाही.

आता तुमच्या मूळ गृहीतकाकडे येतो. शस्त्रक्रियेआधीचा द्रवाहार ही आपली परीक्षा आहे, आपण किती मनापासून तयार आहोत हे डॉक्टर त्यातून पाहतात, असे तुम्हाला वाटते. तसे वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि काही वेळा रुग्णालयातील माणसांच्या बोलण्यामुळेही हा समज पक्का होतो. पण त्या आहाराचा मुख्य हेतू तुमच्या मनाशी संबंधित नाही, तो यकृताशी संबंधित आहे. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या बाजूवर पसरलेला असतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढायचा असतो आणि ते काम दुर्बिणीतून, लहान छिद्रांमधून करायचे असते, म्हणून शल्यचिकित्सकाला यकृताचा तो भाग एका उपकरणाने वर उचलून धरावा लागतो. स्थूलता आणि मधुमेह असलेल्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठलेली असते. असे यकृत जड, मोठे आणि ठिसूळ होते, आणि भिजलेली गोधडी एका हाताने उचलून धरून तिच्याखाली बारीक शिवण घालावी तसे ते काम अवघड होते. उचलताना यकृताला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. समोरचे नीट दिसलेच नाही तर पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागते, किंवा क्वचित ती न करताच थांबावे लागते.

पिष्ट पदार्थ आणि एकूण उष्मांक एकदम कमी केले की यकृत आधी आपल्याकडील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा वापरते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते, तेही निघून जाते. त्यानंतर चरबी वापरली जाऊ लागते. यकृताचा आकार कमी होण्याचा मोठा भाग पहिल्या दोन आठवड्यांतच घडतो, म्हणून बहुतेक ठिकाणी हा काळ दोन आठवड्यांच्या आसपास ठेवतात आणि दिवसाला साधारण ८०० ते १००० उष्मांक व ६० ते ८० ग्रॅम प्रथिने देतात. हे समजून घेतले की अर्ध्या भाकरीचे वजन किती, हेही कळते. एका रात्रीच्या पिठले-भाकरीने यकृत पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. मात्र ‘आता मोडलेच आहे’ म्हणून पुढचे दोन-तीन दिवस नेहमीसारखे जेवले, तर रिकामा झालेला साठा पुन्हा भरतो. चूक झाल्यावर पुढच्या वेळचे पेय ठरल्या वेळी घेणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

दुसरे गृहीतक म्हणजे, चौदा दिवस जमले नाहीत तर आयुष्यभराचे काय जमणार. यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, पण तुलना चुकीची आहे. आज तुमचे जठर पूर्ण आकाराचे आहे आणि भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने ज्या वरच्या भागात तयार होते, तो भाग जागेवर आहे. स्लीव्हमध्ये तोच भाग काढला जातो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत पुन्हा द्रवाहार असला, तरी अनेकांना तो आधीच्या द्रवाहाराइतका छळत नाही. थोडक्या घोटांत पोट भरते आणि भूकही मंद असते. आयुष्यभराचे पथ्य म्हणजे आयुष्यभराचा द्रवाहार नव्हे. त्यात लहान घास, आधी प्रथिने, जेवताना पाणी न पिणे, ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि नियमित तपासण्या येतात.

त्यातले तथ्य कुठे आहे, तेही सांगतो. काही महिन्यांनी भूक पुन्हा थोडी वाढते आणि जुन्या सवयी परत येऊ पाहतात. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर रात्री एकट्याने ओट्याशी उभे राहून खाणे हे तुमच्या पत्रात दोनदा आले आहे, आणि द्रवाहाराच्या आधीही ते घडत असावे असे मला वाटते. थोडेसे मनासारखे झाले नाही म्हणून खाणे, इतरांपासून लपवून खाणे, थांबावेसे वाटूनही न थांबता येणे असे आठवड्यातून अनेकदा होत असेल, तर ते रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना शस्त्रक्रियेआधी सांगायला हवे. त्यावर उपचार होतात. ते सांगितल्याने तुम्ही अपात्र ठरत नाही, उलट न सांगता शस्त्रक्रिया झाली तर त्याचा त्रास पुढे तुम्हालाच होतो.

आता तुमच्यापुढे असलेल्या वाटा पाहू. शस्त्रक्रिया रद्द करणे ही एक वाट आहे, आणि कोणालाही ती न करण्याचा पूर्ण अधिकार आहे. भूल, टाके, पुढची पथ्ये यांचा विचार करून कोणी नको म्हटले, तर त्यात काही गैर नाही. परंतु तुम्ही ती लाजेपोटी रद्द करू पाहत आहात. शस्त्रक्रिया सुचवण्यासाठी सर्वसाधारणपणे बॉडी मास इंडेक्स ३५ ही मर्यादा मानतात, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली आहे. तुमचा निर्देशांक ४८ आहे, सोबत आठ वर्षांचा मधुमेह आहे आणि झोपेत श्वास अडकतो. हे आजार तुमच्या लाजेची वाट पाहत थांबणार नाहीत. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने २०२५ पासून भारतात वजनासाठीही मिळू लागली आहेत. त्यांच्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारा, मात्र तो विचार तुमच्या प्रकृतीकडे पाहून करा. तोंड लपवण्यासाठी म्हणून तो पर्याय निवडू नका.

दुसरी वाट म्हणजे काहीच न सांगता नव्या तारखेला तोच कागद घेऊन पुन्हा प्रयत्न करणे. ही वाट मला सर्वात धोक्याची वाटते, कारण गोळीचा डोस, स्वयंपाकघर आणि सण यातले काहीही बदललेले नसेल. म्हणून तिसरी वाट धरा आणि आहारतज्ज्ञांना खरे सांगा. फोन लावून एवढेच म्हणा: “मागच्या वेळी मला ताप नव्हता. चौथ्या रात्री थरथर व घाम येऊन मी खाल्ले आणि सहाव्या दिवशी पूर्ण जेवण झाले, म्हणून घाबरून तसे सांगितले. माझी मधुमेहाची गोळी तेव्हा कमी केली होती की नाही, ते मला तपासायचे आहे.” यापेक्षा लांब खुलासा देण्याची गरज नाही. त्यांनी अशी माणसे पुष्कळ पाहिलेली असतात. एखाद्याने खडसावलेच, तर ते ऐकून घ्या आणि आपला प्रश्न पुन्हा विचारा.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारा. पहिली तारखेची. गौरीपूजनाच्या दिवशी पुरण वाटायचे, सोळा भाज्यांचा नैवेद्य रांधायचा आणि स्वतः ताक प्यायचे, हे ज्या सुनेच्या अंगावर सगळा स्वयंपाक आहे तिच्याकडून मागणे मला फार वाटते. शल्यचिकित्सकांची हरकत नसेल तर शस्त्रक्रिया साधारण दोन आठवडे पुढे नेऊन विसर्जनानंतर द्रवाहार सुरू करा. मागच्या वेळी तुम्ही पळून जाण्यासाठी तारीख बदलली होती, या वेळी निभावण्यासाठी बदलाल. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी थांबू नका म्हटले, तर मात्र यंदा गौरींचा स्वयंपाक जाऊबाईंकडे सोपवावा लागेल. दुसरा प्रश्न आहाराच्या प्रकाराचा. यकृत लहान करण्यासाठी पातळच खाल्ले पाहिजे असे नसते. काही ठिकाणी मुख्यतः दूध-दह्यावर आधारित आहार देतात, तर काही ठिकाणी दिवसातून एकदा मोजून दिलेले, पिष्ट पदार्थ नसलेले साधे जेवण चालते. तुमच्या बाबतीत तसे काही बसते का, हे त्यांना ठरवू द्या.

घरच्यांना काय सांगायचे, हा तुमचा सर्वात मोठा घोर दिसतो. सगळे सांगायलाच हवे असे नाही. सासूबाईंना सांगा, “ऑपरेशनच्या आधी यकृतातली चरबी उतरायला हवी, म्हणून डॉक्टरांनी चौदा दिवस फक्त पातळ घ्यायला सांगितले आहे, मधे घास घेतला तर ऑपरेशन अवघड होईल.” यात एकही शब्द खोटा नाही, आणि यानंतर ‘दोन घास खा’ हा आग्रह बहुधा थांबेल. हे तुमच्याऐवजी तुमच्या पतीने, तेही सगळे जेवायला बसलेले असताना सांगितले तर अधिक बरे. त्यांना सगळे ठाऊक आहे, मग नुसते मूक राहून त्यांचे भागणार नाही. या चौदा दिवसांत संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करायचा, मीठ चाखायला मुलांपैकी कोणाला तरी बोलवायचे आणि रात्री उरलेले झाकून ठेवण्याचे काम पतीने करायचे, असे ठरवून घ्या.

पेयांविषयी थोडे. आपल्याकडे उपवासाची सवय असल्यामुळे पुष्कळ जणी द्रवाहारही उपवासासारखा करतात, म्हणजे दिवसभर चहावर राहतात आणि रात्री कोसळतात. इथे न पिणे हीच चूक ठरते. दर दोन-अडीच तासांनी काही ना काही पोटात गेले पाहिजे, आणि त्यात प्रथिने आधी. फक्त पातळ आहे म्हणून काहीही चालत नाही. तांदळाची पेज, उसाचा रस, फळांचे रस, गोड लस्सी, साबुदाण्याची खीर यांनी यकृताचा साठा भरतच राहतो. नारळाच्या दुधाची सोलकढीही टाळा. मुगाचे गाळलेले कढण, वरणाचे वरचे पाणी, पातळ ताक, गूळ-खोबरे न घातलेले टोमॅटोचे सार, आणि मांसाहार चालत असेल तर चरबी काढलेले मटणाचे पाणी यांतून तुमच्या कागदावर काय बसते ते विचारून घ्या. व्हॅनिलाची गोड प्रथिन पावडर दिवसातून तीनदा घेतली की तिसऱ्या दिवशी तिचा वास नकोसा होतो. त्याऐवजी बिनचवीची पावडर आणून ती जिरे-मीठ घातलेल्या ताकात घुसळा. कढणात घालायची तर कढण कोमट झाल्यावर घाला, उकळत्या पातेल्यात तिच्या गुठळ्या होतात. एक पेय रात्री दहासाठी राखून ठेवा, कारण तुमची अवघड वेळ तीच आहे.

पहिले तीन-चार दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल, तोंडाला वास येईल. रक्तदाब किंवा मूत्रपिंडामुळे मीठ वर्ज्य नसेल तर मीठ घातलेल्या भाज्यांच्या पाण्याने डोकेदुखी आणि चक्कर कमी होते. चहातील साखर आधीच्या आठवड्यातच कमी करत न्या. आणि सुरुवातीच्या आदल्या दिवशी ‘आता शेवटचे’ म्हणून पोटभर मेजवानी करू नका, तिने ते पहिले चार दिवस आणखी कठीण होतात. चार दिवसांनंतर बहुतेकांची भूक खरोखर ओसरते. मागच्या वेळी तुम्ही नेमक्या त्याच उंबरठ्यावर होत्या.

एका बाबतीत मात्र काहीही लपवायचे नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी चुकून काही खाल्ले गेले, तर भूलतज्ज्ञांना ते सांगितलेच पाहिजे. भुलीत असताना पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. तारीख गेली तर दुसरी मिळते.

आहारतज्ज्ञांना फोन उद्याच करा, आणि करताना गोळ्यांची पाकिटे व ग्लुकोमीटरची वही हाताशी ठेवा. कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची आणि दिवसातून किती वेळा, हेच त्या बहुधा सर्वात आधी विचारतील.